गुलबर्ग्याचा संन्यासी उमेदवार

वाचकहो, दुबलगुंडीत माझा होमिओपॅथीचा दवाखाना आहे. आमच्या पद्धतीत रोग्याची हकीकत अथपासून इतिपर्यंत ऐकल्याशिवाय पुडी बांधता येत नाही. झोप कशी लागते, गोड आवडते की आंबट, घरात कोणाशी बोलणे बंद आहे का, सगळे विचारावे लागते. त्यामुळे पस्तीसहून अधिक वर्षांत गुडघेदुखी आणि दम्याबरोबर या मुलखाचा पुष्कळसा इतिहासही माझ्या बाकावर सांगितला गेला. जुन्या मराठी घरांतली म्हातारी माणसे आली की एक तक्रार हमखास निघायची. "डॉक्टर, गुलबर्ग्याने स्वामींना दिल्लीला पाठवले, आणि स्वामींनी आम्हांलाच म्हैसूरच्या पदरात टाकून औरंगाबाद गाठले."

हे स्वामी म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून १७ सप्टेंबरला त्यांच्या फोटोला हार घातला जातो, तेव्हा या तक्रारीची आठवण कोणी काढत नाही. खरे सांगायचे तर तरुणपणी मलाही ती तक्रार पटत असे. माझे आजोळ गुलबर्ग्याचे. आजोबांनी १९५२ साली स्वामींना मत दिलेले, आणि त्या मताचे काय झाले हा विषय दिवाळीच्या फराळाला बसले तरी निघायचा. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण तक्रार कानावर आली की तिचे मूळ कुठे आहे ते पाहायचे, एवढी सवय धंद्याने लावली आहे. यंदाच्या व्याख्यानासाठी विषय मागितला गेला तेव्हा हाच दिला.

स्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, म्हणजे तुमच्या-माझ्या घरासारखेच घर. सिंदगी तेव्हा इंग्रजी मुलखात होते, निजामाच्या राज्यात नव्हे. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले तेव्हा व्यंकटेश सोळा वर्षांचे होते. आजन्म अविवाहित राहून देशाचे काम करायचे हे त्यांनी तेव्हाच ठरवले. असहकारात सरकारी शाळा सोडली, पुढचे शिक्षण राष्ट्रीय शाळांतून आणि पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात झाले. प्रबंधाचा विषय लोकशाहीचा विकास. त्यानंतर कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि त्या धावपळीत शरीर कोसळले. हातपाय लुळे पडावेत असे ते दुखणे होते. पंचविशीच्या आतबाहेरचा माणूस अंथरुणाला खिळला. उठला तेव्हा पुन्हा शहरातल्या चळवळीत न जाता खेड्यात मास्तरकी करायला निघाला. दुखण्यातून उठलेली माणसे असे निर्णय घेतात हे मी दवाखान्यात पाहिले आहे.

ते खेडे म्हणजे हिप्परगा. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, आपल्या सरहद्दीपासून फार लांब नाही. तिथे १९२१ पासून एक राष्ट्रीय शाळा चालू होती. निजामाच्या राज्यात अशी शाळा चालवणे म्हणजे काय, ते आजच्या वाचकाला थोडे उलगडून सांगायला हवे.

आपल्या वाडवडिलांच्या काळात या भागातल्या मुलाला खालच्या इयत्तांत कशीबशी मातृभाषा मिळे. वर चढले की शिक्षण उर्दूत. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे हिंदुस्थानातले ते पहिलेच, म्हणून त्याचे कौतुकही झाले आणि ते कौतुक खोटे नव्हते. परंतु ती देशी भाषा राज्यातल्या बहुसंख्य रयतेची नव्हती. तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्यांनी आपापल्या भाषेची शाळा काढायची तर स्वतःच्या खर्चाने काढायची, आणि तीही परवानगीने. खाजगी शाळांवर नियम होते, सभा भरवायची तर 'गश्ती निशान ५३' या फर्मानाखाली आधी अर्ज करावा लागे. व्याख्यानमालेसारखी निरुपद्रवी गोष्टही त्या काळी तालुक्याच्या अंमलदाराला विचारून करावी लागली असती.

तरीही शाळा निघाल्याच. केशवराव कोरटकर वकिली करायला गुलबर्ग्याला आले आणि १९०७ मध्ये तिथे नूतन विद्यालय उभे राहिले. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा त्या शाळेचे. आणि ही केवळ मराठीची गोष्ट नाही, हे आपल्या घरांतून सहसा सांगितले जात नाही म्हणून मुद्दाम सांगतो. आपल्याच बीदर जिल्ह्यात कमलनगरला भालकी मठाचे चन्नबसव पट्टद्देवरू यांनी १९३६ मध्ये कन्नड शाळा काढली. दारावर पाटी उर्दूत आणि आत धडे कन्नडात, अशी ती शाळा चालली, ही गोष्ट भालकीकडचे लोक अजून अभिमानाने सांगतात. हिप्परग्याचे मराठी मास्तर आणि कमलनगरचे कन्नड स्वामी एकाच दुखण्यावर इलाज करत होते. दोघांच्या गावांत काही दिवसांची बैलगाडीची वाट असेल.

व्यंकटेशराव १९२९ च्या सुमारास हिप्परग्याला मुख्याध्यापक म्हणून आले. शिकवणे, मुलांबरोबर राहणे, सूत कातणे, व्यायाम, प्रार्थना, असा दिनक्रम. तिथे असतानाच त्यांनी नारायण तीर्थांकडून संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेतला तरी शाळा सोडली नाही. मी जैन आहे. आमच्याकडे दीक्षा घेतलेल्या महाराजांनी हजेरीपट घेऊन वर्गात जायचे म्हटले तर श्रावकांची पंचाईत होईल, आणि मते मागायला निघाले तर विचारूच नका. म्हणून या माणसाचे मला लहानपणापासून नवल. भगवी वस्त्रे त्यांना जगापासून दूर नेण्याऐवजी रोज अधिकच आत ओढत गेली.

१९३५ मध्ये काही सहकाऱ्यांसह त्यांनी हिप्परगा सोडले आणि ते मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला गेले. योगेश्वरी नूतन विद्यालयाचे काम त्यांनी हाती घेतले. बाबासाहेब परांजपे हे त्यांचे तिथले जोडीदार. पुढे मराठवाड्याच्या राजकारणात जी पिढी दिसली तिच्यातले कितीतरी जण या दोन शाळांच्या ओसरीवर घडले. सहज जाता जाता सांगतो, औरंगाबादला शिक्षकी सोडून लढ्यात उतरलेले गोविंदभाई श्रॉफ यांचा जन्मही विजापूरचाच. मराठवाड्याला त्याचे दोन मोठे मास्तर कन्नड मुलखाने दिले, हे तिकडच्या मंडळींना अधूनमधून आठवून द्यावे लागते.

यानंतर १९३८ ते १९४८ ही दहा वर्षे तुम्हांला ठाऊक आहेत, मी ती भराभर ओलांडतो. एक गोष्ट मात्र थांबून पाहण्यासारखी आहे, कारण पुढचा सगळा गुंता तिच्यात आहे. संस्थानात राजकीय संघटनेला वाव नव्हता. म्हणून लोक भाषेच्या नावाने जमले. तेलुगू लोकांची आंध्र महासभा, आपली महाराष्ट्र परिषद, कन्नडिगांची कर्नाटक परिषद. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला आणि दुसरे १९३८ मध्ये लातूरला भरले. लातूरपासून स्वामी राजकारणात पूर्णपणे आले. त्याच साली स्टेट काँग्रेस स्थापन करायचे ठरले, आणि ती नीट जन्माला येण्यापूर्वीच सप्टेंबरमध्ये तिच्यावर बंदी आली. २४ ऑक्टोबर १९३८ ला गोविंदराव नानलांच्या तुकडीने सत्याग्रह सुरू केला आणि तीन दिवसांनी स्वामींनी तुरुंगाची वाट धरली. बंदी उठायला जुलै १९४६ उजाडले. मधली आठ वर्षे बंदी नसलेल्या कामाला वाव होता तो तीन भाषांच्या तीन परिषदांत. म्हणजे ज्या राज्यात लोकशाही आणायची त्या राज्याचे तीन भाग लोकशाहीच्या सैनिकांनी आपल्या संघटनेत आधीच पाडलेले होते. हे कोणी कट करून केले नाही. बंदीनेच ते करवून घेतले.

निजाम सरकारने नव्या सुधारणांनुसार विधिमंडळाच्या निवडणुका ठरवल्या तेव्हा स्टेट काँग्रेसने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. जून १९४७ मध्ये हैदराबादला तिचे पहिले उघडे अधिवेशन झाले, अध्यक्ष स्वामी. ७ ऑगस्टला भारतात सामील व्हा म्हणून सत्याग्रह, १५ ऑगस्टला तिरंगा आणि अटक, मधली थोडी मोकळीक, पुन्हा अटक. बाहेर रझाकारांचे राज्य. मे १९४८ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या गोरट्याला जे झाले ते लिहायला हात धजत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आले आणि स्वामी तुरुंगातून बाहेर आले.

आता मुख्य कथेकडे येतो.

कित्येक वर्षे ज्याने लोकांना राज्यकर्त्यांशी लढायला शिकवले, त्याच्या पिढीवर राज्य करण्याची पाळी आली. पोलीस ॲक्शननंतर आधी लष्करी अंमल, मग २६ जानेवारी १९५० पासून वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री. त्यानंतर १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. एकवीस वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत. आपल्या भागात पूर्वी कोणी सबंध राज्याचे सरकार मतांनी निवडलेच नव्हते.

स्वामींनी यापूर्वी लोकांकडे पुष्कळ काही मागितले होते. शाळेसाठी मुले, सत्याग्रहासाठी माणसे, चरख्यासाठी वेळ. मते पहिल्यांदाच मागितली. विधानसभेच्या १७५ जागा होत्या आणि हैदराबाद राज्यातल्या काँग्रेसचा सर्वांत मोठा माणूस त्यांतल्या एकाही जागेवर उभा राहिला नाही. तो उभा राहिला लोकसभेसाठी, आणि तेही गुलबर्ग्याहून. हिप्परगा आणि अंबाजोगाई ही त्यांची कर्मभूमी, पण उमेदवारी कन्नड भागात. या निवडीमागची सगळी गणिते मला सांगता येणार नाहीत, मात्र त्यातून एक गोष्ट दिसते. मराठी परिषदेतून वर आलेला पुढारी कन्नड मतदाराला आपला वाटू शकत होता. भाषा तोवर भिंत झालेली नव्हती.

माझे मामा तेव्हा दहा वर्षांचे. मतदान त्यांच्या शाळेत होते म्हणून त्यांना सुटी होती आणि ते अर्थातच तिथेच घुटमळत होते. आजच्यासारखा शिक्का किंवा बटण नव्हते. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी मांडलेली, पेटीवर त्याचे चिन्ह डकवलेले. कोरी मतपत्रिका घ्यायची आणि आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. काँग्रेसचे चिन्ह बैलजोडी. लोकसभेसाठी एक पत्रिका आणि विधानसभेसाठी दुसरी. आजी म्हणे आडोशामागे गेली ती बराच वेळ बाहेर येईना. आत तिने बैलजोडीच्या पेटीला हळदकुंकू वाहण्यासाठी कनवटीची पुडी सोडली होती. मग आजोबांनी बाहेरून हाक मारली, तेव्हा घाईघाईत पत्रिका टाकून ती आली. बैल म्हणून हळदकुंकू की भगव्या कपड्यांतल्या स्वामींसाठी, हे मी तिला विचारले होते. ती म्हणाली, "दोघांनाही."

स्वामी निवडून आले. शेजारच्या बीदर मतदारसंघातून काँग्रेसचेच डॉ. शौकतुल्ला शाह अन्सारी आले. विधानसभेत काँग्रेसला ९३ जागा मिळाल्या आणि ६ मार्च १९५२ रोजी बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. काँग्रेसमध्ये स्वामींचा एक गट आणि बुर्गुलांचा दुसरा, ही गोष्ट सर्वश्रुत होती. जुन्या मंडळींपैकी काहींना वाटे की स्वामींनी मुख्यमंत्री व्हायला हवे होते. माझे मत विचाराल तर, जे झाले ते बरे झाले. शाळा आणि चळवळ चालवणे निराळे, आणि तहसीलदारांच्या बदल्या करणे निराळे. काही उत्तम वैद्य रुग्णालयाचे अधीक्षक झाले की रुग्णालयही बुडते आणि वैद्यही, असे मी पाहिलेले आहे. (कोणाचे नाव घेत नाही.)

दिल्लीत जाऊन स्वामींनी काय केले? ते करू लागले तेच, ज्याने त्यांचा स्वतःचा मतदारसंघ त्यांच्या हातून जाणार होता. हैदराबाद राज्य मोडा, तेलुगू, मराठी आणि कन्नड भाग आपापल्या भाषकांबरोबर जाऊ द्या, ही मागणी त्यांनी लावून धरली.

आज हे सोपे वाटते. तेव्हा नव्हते. पंडित नेहरूंना हैदराबाद मोडणे पसंत नव्हते. दख्खनची मिळूनमिसळून राहण्याची एक संस्कृती तिथे आहे आणि ती तोडू नये, असे त्यांचे मत होते. त्यात तथ्य नव्हते असे कोण म्हणेल? हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंची पदे मराठीत आहेत, कन्नडात आहेत, उर्दूतही आहेत, आणि तिथल्या उत्सवात कोणी कोणाला भाषा विचारत नाही. आपण त्याच हवेत वाढलो. परंतु स्वामींचा प्रश्न मास्तरांचा प्रश्न होता. दरबारात आणि देवळात तीन भाषा मिळून नांदतात, पण शाळेच्या फळ्यावर, कोर्टाच्या निकालात आणि तलाठ्याच्या दप्तरात कोणती भाषा असेल? जनतेचे राज्य जनतेला न कळणाऱ्या भाषेत चालू शकत नाही. लोकशाहीवर प्रबंध लिहिलेल्या आणि सहा-सात वर्षे खेड्यातल्या पोरांना मराठीतून शिकवलेल्या माणसाला हा मुद्दा पुस्तकात शोधावा लागला नसणार.

डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. ३० सप्टेंबर १९५५ ला त्याचा अहवाल आला. त्यात आपल्या जिल्ह्याचे काय झाले होते ते फार थोड्यांना आठवते. आयोगाने मराठवाडा मुंबई राज्याकडे दिला, गुलबर्गा आणि रायचूर कर्नाटकाकडे दिले, आणि बीदर मात्र तेलंगणाबरोबर उरलेल्या हैदराबाद राज्यातच ठेवले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा सगळ्या भाषा असलेला जिल्हा कोणाच्या पदरात घालावा हे त्यांना उलगडले नसावे. ती शिफारस टिकली असती तर आज मी हैदराबादच्या आरटीओची पाटी लावून हिंडलो असतो.

ती टिकली नाही. १९५६ च्या कायद्याने जिल्ह्याचे तालुक्यांवर तुकडे केले. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर मुंबई राज्यात. जहीराबाद, न्याळकल आणि नारायणखेड ही बाजू आंध्रात. बीदर, भालकी, हुमनाबाद आणि औरादकडचा संतपूर म्हैसूर राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला सकाळी उठलो तेव्हा, असे मी म्हणू शकत नाही कारण माझा जन्म नंतरचा, पण माझ्या वडिलांची थोरली बहीण उदगीरला दिलेली होती. ती त्या सकाळी परराज्यात गेली. सोयरिकी निलंग्याच्या, दुकानाची उधारी भालकीची, कापडाची खरेदी सोलापूरची आणि कोर्ट गुलबर्ग्याचे, अशी आपल्या घरांची घडी होती. ती विस्कटली, आणि त्याचा राग कोणावर तरी काढायचा होता.

स्वामींवर तो निघाला, कारण पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. १९५७ च्या निवडणुकीत ते औरंगाबादहून उभे राहिले आणि निवडून आले. "पाहा," लोक म्हणाले, "आपल्याला सोडले आणि आपल्या माणसांत गेले."

वाचकहो, इथे थोडे थांबून विचार करू या. औरंगाबाद त्यांना आयते मिळाले असेल, पण ते मिळावे म्हणून त्यांनी राज्य मोडले, हा आरोप कालक्रमात बसत नाही. निवडून आलेला खासदार आपली जागा सांभाळतो, तिच्यावर कुऱ्हाड घालत नाही. त्यांनी राज्याची फाळणी मागितली ती गुलबर्ग्याचे खासदार असताना. हैदराबाद अखंड राहिले असते तर ते हैदराबाद राज्यातले सर्वमान्य नेते राहिले असते, आणि गुलबर्गा, अंबाजोगाई, नांदेड, हैदराबाद ही त्यांची सगळी ठाणी एका राज्यात राहिली असती. फाळणीने त्यांचे कार्यक्षेत्र तिसऱ्या हिश्श्यावर आले. फायदा-तोट्याचा हिशेब मांडायचाच तर तोटा त्यांचा अधिक.

मग आपली तक्रार खोटी का? तसेही नाही. मला वाटते, आपण ती चुकीच्या ठिकाणी लावली. आपल्याला दुःख कशाचे होते? मराठी मागे पडण्याचे. संस्थानात आपण बहुसंख्य नव्हतो, पण उर्दूपुढे तिघेही सारखेच दबलेले होते आणि तिघांत मराठी माणूस बऱ्यापैकी पुढे होता. वकिली, मास्तरकी, कुलकर्णीपण, दुकानदारी. म्हैसूर राज्यात कन्नड ही राज्याची भाषा झाली आणि पहिल्यांदा आपण अल्पसंख्य असल्याचे आपल्याला कळले. पण स्वामींनी हिप्परग्याच्या फळ्यावर जे तत्त्व लिहिले ते अंबाजोगाईत खरे आणि गुलबर्ग्यात खोटे कसे ठरवणार? मराठी पोराला मराठी शाळा हवी असेल तर कमलनगरच्या कन्नड पोराला कन्नड हवी. आणि ज्या दिवशी कन्नड पोराला त्याची शाळा, कचेरी आणि सरकार मिळाले त्या दिवशी आपला जुना मान थोडा कमी होणारच होता. तो स्वामींनी हिरावला नाही. तो मुळात किती हक्काचा होता, हा प्रश्न आपल्या घरांतून कधी विचारला गेला नाही. मीही साठी उलटल्यावर विचारतो आहे.

एक गोष्ट मात्र मी स्वामींच्या पदरी टाकतो. गुंतागुंतीच्या भागांचे काय करायचे, आळंद, भालकी, औराद, हुमनाबाद अशा तालुक्यांतल्या मराठी शाळांचे काय, याची तजवीज रेषा आखली जाण्यापूर्वी व्हायला हवी होती. गुलबर्ग्याच्या खासदाराने ती आग्रहाने मागायला हवी होती, असे मला वाटते. नंतर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला, २००४ मध्ये खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. या सगळ्यात मराठी शाळेतल्या मुलाला गणिताचा मास्तर मिळाला का, हे कोणी पाहिले नाही.

स्वामी १९५७ नंतर लोकसभेत आणखी एक मुदत राहिले आणि मग सत्तेच्या वाटेपासून दूर झाले. खादीचे काम चालू ठेवले. नांदेडला १९५० मध्ये त्यांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघाले होते, ते वाढले. लढ्याच्या आठवणी त्यांनी १९६७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी ते गेले. १९९४ मध्ये नांदेडला विद्यापीठ झाले त्याला त्यांचे नाव आहे. सिंदगी राहिली कर्नाटकात.

आणि गुलबर्ग्याच्या त्या जागेचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. १९५७ मध्ये तिथून महादेवप्पा रामपुरे निवडून आले. पेटीवर चिन्ह तेच, बैलजोडी. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, या रामपुऱ्यांनी हैदराबाद कर्नाटक एज्युकेशन सोसायटी काढली. त्याच साली इंजिनिअरिंग कॉलेज आणि १९६३ मध्ये मेडिकल कॉलेज. म्हणजे मराठी मास्तरांच्या जागी गुलबर्ग्याने पुन्हा शाळा काढणाराच माणूस पाठवला, या वेळी कन्नड. आजोबांनी त्यांना मत दिले की नाही ते कधी सांगितले नाही. पण दोन-तीन वर्षांनी माझ्या मामांना त्यांनी त्याच इंजिनिअरिंग कॉलेजात घातले. मामा सांगतात, वर्गात शिकवणे इंग्रजीत, मेसमध्ये बोलणे कन्नडात, आणि शनिवारी घरी पत्र लिहायचे ते मराठीत.